गंगाफळ फक्त कानबाईलाच कशाला?

नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात कानबाई देवी बसते तेव्हा पुरणपोळी-खिरीसोबत चणाडाळ घातलेली गंगाफळाची भाजी होतेच, आणि मग वर्षभर त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. लाल भोपळा म्हणा, डांगर म्हणा, एकच.

खरं तर 100 ग्रॅम कच्च्या गंगाफळात जेमतेम 26 कॅलरी, बटाट्यात 77, म्हणजे वजन कमी करायचंय तर बटाट्याच्या जागी हे घ्या ना! केशरी रंग असतो बीटा कॅरोटीनचा, त्याचंच शरीरात व्हिटॅमिन ए होतं, डोळ्यांना आणि प्रतिकारशक्तीला लागतं ते. पोटॅशियमही 100 ग्रॅममागे 340 मिलीग्रॅमच्या आसपास, बीपीवाल्यांना चांगलं, पण किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाजारात फोड घेताना गर गडद केशरी आणि घट्ट बघायचा, बियांजवळ बुळबुळीत झालं असेल तर सोडून द्या. अख्खं घेतलं तर देठ वाळलेला आणि हातात घेतल्यावर जड लागणारं घ्या, न चिरता थंड कोरड्या जागी आरामात महिना-दोन महिने टिकतं, चिरलं की मात्र फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

आता भाजी. सालीत नख रुतलं तर साल ठेवा, फायबर मिळतं, निबर असेल तर काढा. चणाडाळ तासभर आधी भिजवून थोडी शिजवून घ्या नाहीतर फोडी गळून जातील आणि डाळ कचकच लागेल. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, चार मेथीदाणे, मेथी लालसर झाली की हळद-तिखट, लगेच फोडी आणि डाळ, मीठ, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. तेल अजिबात न घालता उकडून खाणारे डाएटवाले असतात ना, त्यांचं मला नवल वाटतं, कारण बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल लागतंच. पण तवंग येईल इतकंही नको. कानबाईचा नैवेद्य नसेल तर लसूण ठेचून टाका आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीसोबत खा.

शुगरवाल्यांनी गूळ घालू नका, गंगाफळ मुळातच गोडसर असतं. बाकी वाटीभर भाजीला घाबरायचं कारण नाही, भाकरी किती खाता तेवढं बघा.

एक मात्र लक्षात ठेवा, चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर अख्खं फेकून द्या, दुधीचंही तेच. तो कडवटपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी घटकाचा असतो, शिजवून जात नाही आणि उलट्या-जुलाब होतात. पैसे वाया गेले म्हणून गूळ घालून रेटू नका.

मागच्या महिन्यात मी भाजीच्या नुसत्या फोडी आधी वाफवायला गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसले आणि पार लगदा झाला. अजून फोडणी-मीठ पडलं नव्हतं म्हणून बरं, त्यात मावेल तेवढी कणीक आणि जरा गूळ घालून घाऱ्या केल्या, पोरांनी भाजी कुठंय विचारलंसुद्धा नाही.