कनेक्टर, लग आणि टर्मिनल आयात करताना सीमाशुल्क वर्गीकरणातील या चुका टाळा

न्हावाशेवा बंदरात उतरून चाकण, नाशिकच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या विद्युत मालाच्या इनव्हॉइसवर कनेक्टर, लग (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे जोड), टर्मिनल ब्लॉक, तयार केबल असे नाना प्रकार असतात, आणि बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या आयात-घोषणापत्रात, पुष्कळदा त्या साऱ्यांपुढे ८५३६ ९० ९० हा वर्गीकरणाचा एकच कोड भरलेला दिसतो. २०११ पासून सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ नुसार शुल्काचे निर्धारण प्रथम आयातदारानेच करायचे असल्याने, ‘पुरवठादाराने हाच कोड छापला होता’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. कोडचे पहिले सहा अंक आंतरराष्ट्रीय पद्धतीचे असतात (त्यांतले पहिले दोन म्हणजे प्रकरण, पहिले चार म्हणजे हेडिंग), शेवटचे दोन भारताच्या स्वतःच्या अनुसूचीचे. शिवाय ते सहा अंक तरी पुरवठादाराने नीट तपासले असतील याची खात्री कोण देणार?

व्होल्टेज कोणते धरायचे

सर्वांत महागात पडणारी चूक येथे होते. परिपथ जोडणारी, खंडित करणारी किंवा त्याचे संरक्षण करणारी साधने १,००० व्होल्टपर्यंतची असतील तर ८५३६ मध्ये आणि त्याहून अधिक व्होल्टेजची असतील तर ८५३५ मध्ये जातात, आणि ही रेषा एसी व डीसी असा भेद करत नाही. सौर पॅनेलसाठी येणाऱ्या अनेक कनेक्टरांचे निर्धारित व्होल्टेज, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी ठरवलेले व्होल्टेज, आता १,५०० व्होल्ट डीसी असते. दिसायला ते जुन्या १,००० व्होल्टच्या कनेक्टरसारखेच असल्याने मागच्या खेपेचा कोड तसाच पुढे चालवला जातो आणि माल चुकीच्या हेडिंगखाली सुटतो. उलट दिशेची चूकही तितकीच आढळते. डेटाशीटवर ‘१,५०० व्होल्ट, एक मिनिट’ अशी नोंद दिसली की काही जण साध्या सर्किट बोर्डावरचा कनेक्टर ८५३५ मध्ये टाकतात. परंतु ती इन्सुलेशनच्या सहनशक्तीची चाचणी असते, निर्धारित व्होल्टेज नव्हे. दोन्ही आकडे डेटाशीटच्या एकाच तक्त्यात असतात, म्हणून कोणती ओळ वाचली हे फाइलवर नोंदवून ठेवावे.

केबलला जोडलेला कनेक्टर आणि सुटा कनेक्टर

इन्सुलेशन असलेल्या तारेच्या टोकाला प्लग, सॉकेट किंवा लग बसवून आणले, तरी ती वस्तू ८५४४ मध्येच राहते. कनेक्टर तारेपेक्षा महाग आहे हा युक्तिवाद येथे उपयोगी नाही, कारण हेडिंगच्या शब्दांतच ‘कनेक्टर बसवलेले असोत वा नसोत’ असे म्हटलेले आहे. १,००० व्होल्टपर्यंतची अशी केबल ८५४४.४२ मध्ये, त्यापुढची ८५४४.६० मध्ये आणि वाहनांचे वायरिंग हार्नेस (तारांचे तयार जुडगे) ८५४४.३० मध्ये जाते. मात्र तारेच्या टोकाला बसवायचे लग आणि स्पेड टर्मिनल सुटे आणले, तर ते ८५३६.९० मध्ये येतात. पितळेचे किंवा तांब्याचे आहेत एवढ्यावरून त्यांना धातूच्या वस्तूंमध्ये नेऊ नये. स्क्रू-नटांचे तसे नाही: ते कनेक्टरसाठीच बनवलेले असले तरी सर्वसाधारण वापराचे भाग म्हणून आपल्या धातूच्या प्रकरणातच राहतात.

रिकामे हाउसिंग

पिना न बसवलेले प्लास्टिकचे हाउसिंग (बाहेरचे कवच) हा कनेक्टरचा भाग आहे, म्हणून ८५३८, असे सरळ गणित मांडले जाते. पण विभाग १६ ची टीप २ सांगते की प्रकरण ८४ किंवा ८५ मधील एखाद्या हेडिंगमध्ये ज्याचे स्वतंत्र वर्णन आहे, तो भाग आधी त्या हेडिंगमध्ये जातो. ८५४७ मध्ये संपूर्णपणे इन्सुलेटिंग पदार्थाची फिटिंग्ज येतात, आणि टर्मिनल न बसवलेल्या कनेक्टर-पट्ट्यांचा उल्लेख त्या हेडिंगच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये आहे. म्हणून प्रथम ८५४७ तपासावे. त्यात बसत नसेल तरच ८५३८ कडे वळावे. हाउसिंग आणि पिना जुळत्या संख्येने एकाच खेपेत सुट्या आल्या असतील, तर अर्थनिर्णयाच्या नियम २(अ) नुसार तो पूर्ण कनेक्टर मानला जाऊ शकतो.

केबल ग्लँड विद्युत जोडणी करत नाही, ती केबल पकडते. तिचा पदार्थ आणि रचना पाहावी. जोडणीची कोणतीही सोय नसलेली रिकामी पेटी म्हणजे जंक्शन बॉक्स नव्हे. फ्यूज आणि स्विच एकत्र बसवलेली सौर कॉम्बायनर पेटी बहुधा ८५३७ मध्ये, म्हणजे अशी अनेक साधने बसवलेल्या पॅनेलांच्या हेडिंगमध्ये, जाते.

वाहनात वापरायचा कनेक्टर ८७०८ मध्ये (वाहनांच्या भागांत) नेण्याचा मोह टाळावा, कारण विभाग १७ च्या टिपा विद्युत सामग्रीला ‘भाग’ या संज्ञेतून वगळतात. रेल्वे सिग्नलच्या रिलेला सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ८६०८ मध्ये (रेल्वे सिग्नल सामग्रीत) ठेवले हे खरे. परंतु तो निकाल त्या रिलेच्या एकमेव वापरावर उभा होता, आणि दहा उपयोगांच्या कनेक्टरसाठी त्याचा आधार घेणे मला धोक्याचे वाटते.

चूक नंतर लक्षात आली तर

शुल्क कमी भरले गेले असेल, तर नोटीस येण्यापूर्वीच कलम २८ नुसार फरक व्याजासह भरून लेखी कळवावे. नोटिशीची मुदत सामान्यतः दोन वर्षांची असते, पण माहिती दडवल्याचे ठरल्यास ती पाच वर्षे होते आणि शुल्काइतका दंडही येऊ शकतो. जास्त शुल्क भरले असेल, तर थेट परताव्याचा अर्ज करून भागत नाही; २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मूळ निर्धारण आधी बदलून घ्यावे लागते. सुट्या पिनांसारखा खरोखर वादाचा माल असेल, तर आयातीपूर्वी मुंबई किंवा दिल्लीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तो निर्णय अर्जदाराला आणि संबंधित सीमाशुल्क अधिकाऱ्यांनाच बंधनकारक असतो, त्यामुळे दुसऱ्या आयातदाराच्या निर्णयाची प्रत जोडून तेवढ्यावर विसंबू नये.