दक्षिण इटलीची सहल: एकमेकांसारखी नसलेली ठिकाणं कशी निवडावीत

दक्षिण इटली म्हटलं की आधी यादी हाती येते ती अमाल्फी किनाऱ्याची: पोझितानो, अमाल्फी, राव्हेल्लो. तिन्ही गावं देखणी, पण एकाच डोंगरकिनाऱ्यावरची. चौथ्या दिवशी फोटो कुठला कुठल्या गावचा हेच आठवत नाही. दहा-अकरा दिवस हाताशी असतील तर ती यादी बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा.

आधी जमीन बघा. पश्चिमेला नेपल्सभोवती ज्वालामुखीची माती, पूर्वेला पुलिया आणि मातेराचा चुनखडीचा मुलूख, समुद्रापलीकडे सिसिली. दगड बदलला की घरं बदलतात, शेती बदलते, ताटही बदलतं. म्हणून एका मुलखात एकच मुक्काम, निदान तीन रात्रींचा. नवं नाव सुचलं की स्वतःला विचारा, आधीच्या गावात दिसलं नाही असं इथे काय आहे? उत्तर सुचलं नाही तर ते नाव खुशाल गाळा.

मग क्रम लावा. रोमहून रेल्वेने बारी, तिथून मातेरा, मग बसने नेपल्स आणि शेवटी सिसिली. बारी-मातेरा छोट्या रेल्वेचं रविवारचं वेळापत्रक वेगळं असू शकतं, तेव्हा वार बघून आखा. बारीच्या जुन्या गावात बायका दारात टेबल मांडून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता करतात. कणकेच्या वळीचा नखाएवढा तुकडा सुरीने ओढायचा आणि अंगठ्यावर उलटवायचा, की झाला इवलासा कान. थोडा वेळ थांबून हे नक्की बघा.

मातेराला रात्र काढाच. लेणी आपल्याला नवी नाहीत, पण इथे लेण्यांत संसार होते. घळीच्या काठावर कोरलेल्या या वस्तीला 'सास्सी' म्हणतात. एकाच खोलीत माणसं, कोंबड्या आणि खेचर, जमिनीखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. 1952 च्या कायद्यानंतर हजारो लोकांना इथून हलवलं आणि घरं ओस पडली. 1993 मध्ये याच वस्तीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दिवसाचे पर्यटक परतले की गल्ल्या शांत होतात. पलीकडच्या काठावरच्या रिकाम्या गुहा तेव्हा बघाव्यात, आणि त्या बघताना या माणसांचं दारिद्र्य विसरू नये.

पुलियातल्या आल्बेरोबेल्लो गावची शंकूच्या छपरांची घरं बघायला अर्धा दिवस पुरतो. गाडी भाड्याने घ्यायची तर पुलियापुरतीच. जुन्या शहरांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी नेली तर दंड होतो आणि त्याची नोटीस भारतात परतल्यावरही येऊ शकते.

नेपल्सच्या मुक्कामात जवळच्या पाँपेईला एक पूर्ण दिवस द्या. इसवी सन 79 च्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या या शहरातली उत्तमोत्तम मोझाइक आणि भित्तिचित्रं नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात आहेत. ते मंगळवारी बंद असतं. अमाल्फीची हौस असेलच तर सालेर्नोहून बोटीने एका दिवसात फेडा.

सिसिलीत दोन टोकं गाठायचा मोह आवरा. पालेर्मो किंवा सिराकूझा, एकच निवडा. मी सिराकूझा निवडेन. तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीत अथेनेच्या अडीच हजार वर्षं जुन्या ग्रीक देवळाचे खांब अजून उभे आहेत, हात लावून बघता येतात. नेपल्सहून रेल्वेने गेलात तर मेस्सीनाच्या सामुद्रधुनीत डबेच बोटीत चढवतात. दिवस मोडतो, पण मोडू द्या.

महिना आणि जेवण शेवटी ठरवा. मे किंवा सप्टेंबरअखेर उत्तम. 15 ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते, ते दिवस टाळा. शाकाहाऱ्यांची पुलियात चंगळ आहे: फावा बीन्सचं पिठल्यासारखं दाट घोटलेलं कालवण आणि सोबत चिकोरीची कडसर पालेभाजी. नेपल्सच्या ताराल्लींत, म्हणजे खारट कडक कड्यांत, मात्र बहुतेकदा डुकराची चरबी असते, विचारून घ्या. आणि पालेर्मो निवडलंत तर पावात घातलेली पानेल्ले खा. हरभऱ्याच्या पिठाच्या त्या तळलेल्या वड्या खाताना घरच्या बेसनाची चव ओळखू येईल.