बारा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवताय? आधी आईबापांशी बोला

कोल्हापुरात पोराच्या घरची टीम जन्मताच ठरलेली असते. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी मंडळ, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी गल्ली तिकडं. हे वेड मला लई आवडतं, पण तोच जोर दहा वर्षांच्या पोराच्या मॅचला लाईनीवर आला की पोरगं बॉल मिळाल्यावर आधी बापाकडं बघतं, मग पास देतं, आणि तोवर बॉल गेलेला असतो.

म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधीच ग्राउंडवर सगळ्या पालकांना अर्धा तास बसवा. एकदा मॅचेस चालू झाल्या की तेच बोलणं "माझ्याच पोरावर बोलतायत" असं वाटतं. स्पष्ट सांगा की प्रत्येक पोरगं निम्मी मॅच तरी खेळणार, मग हरलो तरी चालेल. बाहेरून टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण "मार", "पास दे", "मागं ये" हे नको, ते काम पोराचं आहे. आणि तक्रार असली तर त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करा, पोरासमोर तर अजिबात नाही.

तरी एखादा बाप ओरडणारच. ग्राउंडच्या या टोकावरनं त्याला गप्प करायला जाऊ नका, पोराची मान खाली जाते. हाफ टाइमला जवळ जा, म्हणा दादा एक काम करा, बॉल नसताना आपला पोरगा कुठं उभा राहतो तेवढं बघा आणि उद्या मला सांगा. डोळ्यांना काम मिळालं की आवाज बराच कमी होतो, मी हे किती वेळा बघितलंय.

प्रॅक्टिसचं म्हणाल तर चार नंबरचा बॉल, म्हणजे मोठ्यांच्या बॉलपेक्षा जरा लहान, जमलं तर प्रत्येकाला एक. रांग लावून शूटिंग बंद करा, सोळा पोरांच्या रांगेत पंधरा नुसती उभी असतात. दहा मिनिटं ड्रिबलिंग, म्हणजे बॉल पायाशी ठेवून पळणं, मग छोट्या चौकोनात चार जण पास करणार आणि मधला एक हिसकावणार, आणि उरलेला सगळा वेळ चार विरुद्ध चार, म्हणजे सोळा पोरांची दोन छोटी ग्राउंडं. हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, एवढ्या लहानांना नको, अमेरिकेत तर दहा वर्षांपर्यंत ते बंदच केलंय. चुकलं म्हणून राउंड मारायला लावू नका, पळणं ही शिक्षा आहे असं डोक्यात बसलं की पुढं ते पोरगं मनापासून पळत नाही.

2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून "याला अनिकेत करा" म्हणत पालक येतात. स्वप्न चांगलंच आहे, तोडू नका, फक्त पोराला स्वतःला खेळायचंय का ते त्याला बाजूला घेऊन शांतपणे विचारा.

मेसेज कायम पालकांच्या ग्रुपवर टाका, पोरांना वेगळे नको. आणि मॅचच्या रात्री दोन-तीन घरी फोन करा, गोल मारणाऱ्याच्या नाही तर जो पडला आणि उठून परत मागं पळाला त्याच्या घरी, आणि फोन स्पीकरवर ठेवायला सांगा, म्हणजे त्यालापण ऐकू जाईल.