गेमिंग माऊस घेताना डीपीआय सोडा, सेन्सर घरीच तपासा

चवथीचे सेल लागले की म्हापशापासून मडगावपर्यंत सगळी पोरं एकच विचारतात, १२००० डीपीआयवाला घेऊ का २६००० वाला? डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की कर्सर किती पिक्सेल हलतो तो आकडा, तो बघून माऊस घेऊच नका. २६००० वर माऊस जेमतेम दोन मिलिमीटर हलला तरी फुल एचडी स्क्रीनवर कर्सर या टोकाचा त्या टोकाला जातो, असं कोण खेळणार रे? व्हॅलोरंट, सीएस (काउंटर-स्ट्राइक) असे नेमबाजीचे गेम खेळणारे बहुतेक जण, प्रोसुद्धा, ४०० ते १६०० मधेच असतात.

सेन्सर म्हणजे पॅडचे भराभर फोटो काढणारा बारका कॅमेरा. पिक्सआर्ट कंपनीचा ३३६० नावाचा सेन्सर सेकंदाला १२००० पर्यंत फोटो काढतो आणि एकामागचा एक फोटो ताडून माऊस किती सरकला ते ठरवतो. म्हणून बघायचं ते आयपीएस, म्हणजे सेकंदाला किती इंच वेगापर्यंत त्याचा हिशोब चुकत नाही. ३३६० चा २५० आहे, म्हणजे सेकंदाला सहा मीटरच्या वर, आपला हात तिथपर्यंत क्वचितच पोचतो. ३३७० चा ४००, ३३९५ चा ६५०, ३९५० चा ७५०, आकडे वाढत जातात पण नुसत्या ट्रॅकिंगसाठी त्याचे जास्त पैसे देण्यात मला काही अर्थ वाटत नाही. नव्या सेन्सरचा खरा फायदा वायरलेसमधे, कारण ते बॅटरी कमी खातात. बॉक्सवर डीपीआय मोठ्या अक्षरात आणि सेन्सरचं नाव कुठेच नाही असा माऊस मात्र सरळ सोडून द्या, तो आकडा बऱ्याचदा फुगवलेला असतो.

आता दोन माऊस शेजारी ठेवून तुलना कशी करायची ते सांगतो. आधी विंडोजमधे एनहान्स पॉइंटर प्रिसिजन, म्हणजे हात जोरात हलवला की कर्सर जास्त पळवणारी सेटिंग, बंद करा, नाहीतर डेस्कटॉपवरच्या टेस्ट वाया. मग व्हॅलोरंटच्या रेंजमधे, म्हणजे सरावाच्या मैदानात, ८०० डीपीआय आणि ०.४ सेन्सिटिव्हिटी लावा, पट्टी ठेवा आणि पूर्ण गिरकी घ्यायला माऊस किती सरकवावा लागतो ते मोजा, साधारण ४१ सेंटिमीटर यायला हवं. एकाला ३९ लागले तर त्याचा खरा डीपीआय ८०० पेक्षा थोडा जास्त आहे, हा दोष नाही, पण सेन्सिटिव्हिटी तेवढी कमी केल्याशिवाय दोघांची तुलना करू नका, हाताला उगाच एक फास्ट आणि एक स्लो वाटेल.

यानंतरची टेस्ट सगळ्यात महत्त्वाची. पॅडच्या डाव्या कडेला एक जाड पुस्तक घट्ट ठेवा, माऊस त्याला टेकवा, क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनच्या मधली नेमाची खूण, गेममधल्या भिंतीवरच्या एका खुणेवर आणा, मग जोरात उजवीकडे झटका द्या आणि हळू परत पुस्तकाला टेकवा. क्रॉसहेअर त्याच खुणेवर आला तर सेन्सर चांगला, दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल तर ॲक्सिलरेशन आहे, म्हणजे वेगाप्रमाणे अंतराचा हिशोब बदलतो, आणि झटक्यात एकदम आकाशाकडे नाहीतर जमिनीकडे गेला तर त्याची वेगाची मर्यादा संपली, तो माऊस परत करा.

पेंटमधे मोकळ्या हाताने किंचित तिरक्या आडव्या-उभ्या रेषा ओढा, त्या आपोआप अगदी आडव्या किंवा उभ्या होत असतील तर अँगल स्नॅपिंग चालू आहे, सॉफ्टवेअरमधून बंद करा. माऊस उचलून ठेवायची सवय असेल तर लिफ्ट ऑफ, म्हणजे किती उचलल्यावर कर्सर हलायचा थांबतो, ते पण बघा, दोन्ही बाजूच्या स्केट्सखाली (माऊसच्या तळाच्या गुळगुळीत पट्ट्या) एकेक जुनी सीडी सरकवायची, सेन्सरखाली मात्र पॅडच राहू द्यायचं. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते, तेवढ्या उंचीवर कर्सर हलायचा थांबला तर उत्तम.

पोलिंग रेट, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा कॉम्प्युटरला आपली हालचाल कळवतो, १००० हर्ट्झ पुरे, म्हणजे दर एक मिलिसेकंदाला रिपोर्ट. ८००० वर ते ०.१२५ होतं खरं, पण सीपीयूवर लोड येतो आणि गोव्यातनं मुंबईच्या सर्व्हरचा पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, त्याच्या कितीतरी पट असतो.

आणि आपल्याकडच्या पावसाचं विसरू नका. जून ते सप्टेंबर कापडी पॅड सर्द होतं, माऊस चिकटल्यासारखा चालतो आणि लोक सेन्सरला दोष देतात, तेव्हा पॅड नीट वाळवून मगच टेस्ट करा. कळंगूट, मिरामारसारखं समुद्राजवळ घर असेल तर मी ऑप्टिकल स्विचवालाच, म्हणजे प्रकाशाने क्लिक ओळखणारा, घ्या म्हणेन, कारण साध्या स्विचमधले धातूचे कॉन्टॅक्ट खाऱ्या दमट हवेत खराब होतात आणि एका क्लिकचे दोन व्हायला लागतात. डिचोली, सांग्याकडे तांबडी धूळ सेन्सरच्या भोकात बसते, कर्सर थरथरला तर आधी तिथे ब्लोअर मारा.

सगळ्या टेस्ट रिटर्नची मुदत संपायच्या आत उरका, आणि तोवर बॉक्स फेकू नका.