बोललो ते बरोबरच होतं, मग बिनसलं कुठे? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या सोसायटीची पुनर्विकासावरची तिसरी सभा गच्चीवर, पत्र्याखाली भरली होती. विषय साधा होता. बिल्डरने पाठवलेला करारनाम्याचा मसुदा आपल्या वकिलाला दाखवायचा की नाही? अर्ध्या तासात तो विषय बाजूला राहिला आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका "मला अक्कल शिकवू नका" म्हणत जिना उतरून गेले. अक्कल शिकवणारी मी होते. म्हणजे मी फक्त एवढंच विचारलं होतं, "काका, तुम्ही कलमं नीट वाचलीत का?"

वाक्यात वावगं काही नाही, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते. पण काकांची उभी हयात बँकेत गेली आहे. कागद बारकाईने वाचणारा माणूस हीच त्यांची स्वतःबद्दलची ओळख. मी प्रश्न विचारला कागदाबद्दल, त्यांना तो ऐकू आला स्वतःबद्दल. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातही "या इमारतीत नियम काय ते मला एकटीलाच कळतात" हे होतंच. मी सेक्रेटरी ना! तो "नीट" तिथूनच आला.

यातली गंमत अशी, की मी रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ऐरोली-महापेकडे जाते आणि तिथल्या कंपन्यांमध्ये लोकांना संवाद कसा साधावा हेच शिकवते. त्यामुळे पुढच्या चुका मी इतरांच्या पाहिल्या आहेत, तशा स्वतः करूनही बसले आहे.

"मी आपली स्पष्ट बोलते"

मराठी माणसाला या वाक्याचा भारी अभिमान. आमच्या आईने आयुष्यभर वहिनीला ऐकवलं, "तुझी आमटी पातळ होते हो, मी आपली तोंडावर सांगते." तीच आई विहीणबाईंनी वाढलेली करपलेली पुरणपोळी खाताना म्हणाली, "खरपूस झालीये अगदी!" तेव्हा स्पष्टवक्तेपणा कुठे गेला होता?

ही चूक पकडायची साधी कसोटी आहे. तुम्ही वॉचमनशी, सुनेशी, हाताखालच्या पोराशी जितकं स्पष्ट बोलता, तितकंच साहेबांशी बोलता का? नसाल, तर तो तुमचा स्वभाव नाही. ज्याच्यापासून धोका नाही त्याच्यावर काढलेली सवय आहे ती. प्रामाणिकपणा हे मूल्य झालं, फटकळपणा ही फक्त बोलण्याची तऱ्हा. आपण दोन्हींची गाठ मारतो आणि मग कोणी म्हणालं, "जरा हळू बोल", की आपल्याला वाटतं, हा मला खोटं बोलायला सांगतोय. म्हणून आपण आणखी जोरात बोलतो.

उपाय म्हणून मी वर्गात एक खेळ घेते. बोचणारं वाक्य जसंच्या तसं कागदावर लिहायचं आणि त्यातला माणूस काढून टाकायचा. "तू कायम उशिरा फाइल देतेस" याचं "ही फाइल चारपर्यंत मिळाली नाही तर माझं पुढचं काम अडतं" होतं. खरेपणा तसाच राहतो, पण समोरच्याला स्वतःचा बचाव करत बसावं लागत नाही. गप्पांच्या भरात मात्र हे सुचत नाही, हेही खरं. मला अजून सुचत नाही.

गप्प माणसाला शिष्ट ठरवणं

एका बॅचमध्ये परभणीकडचा एक मुलगा होता. कामाला चोख, पण बैठकीत तोंड उघडायचा नाही. त्याच्या टीम लीडरने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मॅडम, त्याला जरा अ‍ॅटिट्यूड आहे." मुलाशी बोलल्यावर कळलं ते वेगळंच. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तो फोनवर "यायलोय" म्हणाला होता. शेजारच्या दोघांनी ते दिवसभर एकमेकांना म्हणून दाखवलं. तेव्हापासून त्याने मनाशी ठरवलं, की आपली भाषा इथे चालत नाही.

चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच लिहून ठेवलं आहे, की आपण स्वतःला दुसऱ्यांच्या आरशात पाहतो. आपण त्यांना कसे दिसत असू, ते त्यावरून काय मत करत असतील आणि त्यातून आपल्याला वाटणारा अभिमान किंवा लाज, अशा त्याने तीन पायऱ्या सांगितल्या. त्यातल्या पहिल्या दोन आपल्या कल्पनेत घडतात, हे लोक विसरतात. आरसा आपणच धरलेला असतो. दोघांच्या हसण्यावरून या मुलाने चाळीस जणांचा आरसा तयार केला.

पुढचं चक्र तर आपोआप फिरतं. तो बोलत नाही, म्हणून तो शिष्ट. शिष्ट, म्हणून चहाला त्याला कोणी हाक मारत नाही. हाक मारत नाहीत, म्हणून त्याची खात्री पटते, की आपण यांना नकोच आहोत. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये याला स्वतःच स्वतःला खरं करणारं भाकीत म्हटलं. सुरुवातीचा समज चुकीचा असतो, पण त्यानुसार वागत गेलं की तो खरा होऊन समोर उभा राहतो.

इथे सगळ्यात निरुपयोगी सल्ला म्हणजे "बोलत जा रे, घाबरू नकोस." त्याने पोर आणखी आक्रसतं. आम्ही टीम लीडरला एवढंच करायला लावलं, की या मुलाला जे येतं तेच त्याला सगळ्यांसमोर विचारायचं. "ही क्वेरी इतका वेळ का घेते?" असा ठोस प्रश्न. आणि मुलाला सांगितलं, की आपल्या मनातल्या आरशाची एका माणसाकडून खातरजमा करून घे. सगळ्यांना विचारायला जाऊ नकोस. त्याने विचारलं, "काल मी सांगितलं ते कळलं का?" उत्तर आलं, "हो, पण जरा भरभर सांगितलंस." त्याला वाटत होतं भाषेचं, निघालं वेगाचं. तो आता फर्डा वक्ता झालाय असं मुळीच नाही. चहाला जातो.

मूल्यांच्या भांडणात आकडे फेकणं

मैत्रिणीच्या घरचा किस्सा. मुलाला घोडबंदर रोडला भाड्याने राहायचंय, वडील म्हणतात विकतच घे. सहा महिने दोघं एकमेकांना हप्त्याचा आकडा, भाड्याचा आकडा, व्याजाचा दर ऐकवत होते. मुलाच्या मते बाबांना हिशेब कळत नाही. बाबांच्या मते मुलगा उडाणटप्पू.

हिशेब दोघांनाही कळतो. वाद हिशेबाचा नव्हताच. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये माणसांच्या दहा मूलभूत मूल्यांची वर्तुळासारखी मांडणी केली. त्यात सुरक्षितता आणि स्वतःच्या मनाने जगणं ही मूल्यं जवळपास समोरासमोर येतात. म्हणजे एकाकडे सरकलं, की दुसऱ्यापासून लांब जाणं आलं. यात कुणी मूर्ख नसतं. पण आपलं मूल्य आपल्याला मूल्य वाटतच नाही, ती साधी शहाणपणाची गोष्ट वाटते. म्हणून दुसऱ्याचं मूल्य आपल्याला दुर्गुण दिसतं. काटकसर करणारा कंजूष दिसतो आणि हौशी माणूस उधळ्या.

मैत्रिणीने एक दिवस नवऱ्याला आकडे सोडून विचारलं, "भाड्याने राहिला तर तुम्हाला नेमकी कशाची धास्ती वाटते?" तेव्हा कळव्यातलं लहानपण निघालं. दर अकरा महिन्यांनी हातगाडीवर चढवलेली भांडी, मधेच बदललेली शाळा. मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो भाड्यानेच राहायला गेला, पण तीन वर्षांचा करार करून. वडील अजून कुरकुरतात, फक्त आता उडाणटप्पू म्हणत नाहीत.

बाकीच्या दोन, चटकन

स्वतःला गाडीची सवलत, दुसऱ्याला स्वभावाची शिक्षा. मी उशिरा पोचले तर रेल्वेचा मेगाब्लॉक होता, तो उशिरा पोचला तर बेशिस्त आहे. माणसाच्या वागण्यामागची परिस्थिती सोडून त्याचा स्वभाव धरण्याच्या या खोडीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नाव दिलं, मूलभूत आरोपण दोष. निकाल देण्याआधी निदान एकदा विचारावं, "गाडी कुठे अडकली होती?"

दुसरी, "मी सांगितलं होतं ना!" स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटनने १९९० मध्ये एक प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, इतरांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्म्या वेळा ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. कारण चाल वाजवणाऱ्याच्या डोक्यात वाजत असते, बाहेर येते ती नुसती टकटक. सोसायटीच्या ग्रुपवरचं माझं "ठीक आहे." हे असंच. माझ्या डोक्यात तो होकार असतो. लोक त्या पूर्णविरामात माझा राग वाचतात.

कधी गाठ घरच्या घरी सुटत नाही आणि समुपदेशकाकडे जावं लागतं. ठाणेकरांना हे जरा जास्तच अवघड. इथे मनोरुग्णालय असल्यामुळे "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद महाराष्ट्रभर झालाय आणि आम्ही तर आधीच ठाण्यात! एका जोडप्यातल्या बायकोने "कोणाला तरी भेटू या" म्हटलं, तर नवऱ्याने आठवडाभर अबोला धरला. तिने मदत सुचवली होती, त्याने "तू वेडा आहेस" एवढंच ऐकलं. अशा वेळी "तू जा" किंवा "तू बदल" असं न म्हणता, "मला तुझ्याशी बोलणं जमत नाहीये, मी एकदा जाऊन येते" इथून सुरू करावं.

काकांकडे मी चौथ्या दिवशी गेले. माफीबिफी मागितली नाही, मसुदा घेऊन गेले आणि म्हटलं, "भाड्याचं कलम मला उलगडत नाहीये." हे खरंच होतं. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि दहा मिनिटांत बोट ठेवलं: बांधकामाची मुदत ३६ महिने, पण पर्यायी जागेचं भाडं २४ महिन्यांचंच. मी तो मसुदा तीनदा वाचला होता. नीट.

चौथ्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला प्रश्न आहे, वरच्या बारा महिन्यांचं भाडं कोण देणार? तो काका मांडणार आहेत. मी इतिवृत्त लिहिणार आहे.