संगणक ‘शेल’वर थांबला तर: काय वाचावे आणि काय टाइप करावे

जुलैमध्ये पीक विम्याच्या अर्जांसाठी सेवा केंद्रांवर झुंबड उडते, आणि मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत वीज नेमकी तेव्हाच ये-जा करत असते. अशा वेळी संगणक सुरू केल्यावर विंडोज येण्याऐवजी काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग आणि शेवटी ‘शेल’ हा शब्द लुकलुकताना दिसला, तर बहुतेक केंद्रचालक त्यास व्हायरस समजतात आणि सीपीयू गाडीवर टाकून लातूर किंवा नांदेड गाठतात. तेथे ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे उत्तर तयारच असते. वास्तविक हा पडदा एवढेच सांगत असतो की मदरबोर्डमधील यूईएफआय या प्रणालीला चालू करण्याजोगी विंडोज सापडली नाही, आणि काही बोर्डांच्या बूट यादीत (संगणकाने कशापासून सुरू व्हायचे, त्या क्रमाच्या यादीत) शेवटी ठेवलेले हे शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणारा छोटा प्रोग्राम, म्हणून पुढे आले.

हे शेल बोर्ड तयार करणाऱ्या व तपासणाऱ्या अभियंत्यांसाठी घडवले गेले, आणि ते त्याच्या वागण्यात जागोजागी जाणवते. हार्ड डिस्क सापडली नाही, हे सरळ वाक्यात सांगण्याऐवजी ते एक तक्ता पुढे करते, पाच सेकंद उलटे मोजते आणि गप्प बसते. माउस चालेलच याची खात्री नाही. तरीही तो तक्ता वाचता आला, तर दुरुस्तीचा अर्धा रस्ता तेथेच संपतो.

प्रथम पेन ड्राइव्ह काढून ठेवावा, कारण तोही तक्त्यात दिसतो आणि फसगत होते. मग ‘मॅप’ ही आज्ञा टाइप करून एंटर दाबावे. (येथे आज्ञा देवनागरीत दिल्या असल्या, तरी त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या आहेत.) तक्ता वर सरकून गेला, तर आज्ञेपुढे जागा सोडून ‘-बी’ जोडावे, म्हणजे तो पानापानाने थांबतो.

तक्त्यात ‘एफएस’ने सुरू होणारी ओळ असेल, तर शेलला वाचता येणारा विभाग सापडला आहे. केवळ ‘बीएलके’च्या ओळी असतील आणि त्यांत ‘एचडी’च्या कंसात ‘एमबीआर’ (डिस्कचे विभाग नोंदवण्याची जुनी पद्धत) लिहिलेले असेल, तर डिस्क जागेवर आहे, पण तिच्यावरील विंडोज बहुधा यूईएफआयच्या आधीच्या, जुन्या बायोस पद्धतीने बसवलेली आहे. तक्त्यात डिस्कचा मागमूसच नसेल, तर केबल किंवा डिस्क यांकडे पाहावे. आपला ‘सी’ ड्राइव्ह येथे दिसत नाही म्हणून धास्तावू नये. शेल सहसा फॅट प्रकारचे विभागच वाचते आणि विंडोजचा एनटीएफएस विभाग त्याला उमगत नाही. फायली सहसा जागच्या जागीच असतात.

‘एफएस’ची ओळ असल्यास एफ, एस, शून्य आणि अपूर्णविराम (:) असे टाइप करून एंटर दाबावे, आणि मग ‘एलएस ईएफआय’ ही आज्ञा द्यावी. यादीत ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाचा फोल्डर दिसला नाही, तर शून्याच्या जागी एक घालून हेच पुन्हा करावे. दिसल्यास ‘ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय’ हा मार्ग टाइप करावा. दोन-तीन अक्षरांनंतर टॅब दाबल्यास उरलेले नाव शेल स्वतः पूर्ण करते, त्यामुळे हा लांबलचक मार्ग वाटतो तितका जाचक नाही. विंडोज सुरू झाली तर त्या दिवसाचे काम निभावते. मात्र बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क-कुलूप चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते, म्हणून ती आधीच कागदावर लिहून ठेवावी.

हा तात्पुरता मार्ग झाला. ‘एक्झिट’ टाइप करून किंवा सुरू होताना डिलीट वा एफ२ दाबून सेटअपमध्ये जावे आणि बूट यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आणावे. डिस्क एमबीआरची असेल, तर तेथेच ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ हा जुन्या बायोस पद्धतीचा पर्याय चालू करून पाहावा. अर्थात काही नव्या बोर्डांवर तो नसतोच.

आता बूट यादीची ही मांडणी बिघडली कशाने? शेलमध्ये ‘डेट’ टाइप करावे. वर्ष मागे गेलेले दिसले, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल संपला आहे, असे समजावे. वीज गेली की या सेलच्या आधारेच घड्याळ चालते, आणि बऱ्याच बोर्डांवर सेटअपच्या नोंदीही टिकतात. तारीख चुकलेली राहिली, तर विंडोज उघडूनही विम्याचे पोर्टल प्रमाणपत्राची त्रुटी दाखवत अडून बसते. सेल बदलून तारीख दुरुस्त करणे हे काम घरच्या घरी, मुख्य वायर काढून ठेवून, करता येते.

‘आरएम’, ‘एमएम’ आणि ‘डीएमपीस्टोअर’ या आज्ञा मात्र कोणी फोनवरून सांगितल्या तरी देऊ नयेत. पहिली फाइल पुसते आणि येथे रिसायकल बिन नाही. दुसरी थेट मेमरीत लिहिते. तिसरीने बोर्डाच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात.

केबल घट्ट बसवूनही तक्त्यात डिस्क आली नाही, तर दुकान गाठावेच लागेल. निघण्यापूर्वी पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि दुकानात तो दाखवून आधी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहण्यास सांगावे. ती दिसली, तर फॉरमॅटचा विषय निघण्याआधी ग्राहकांची कागदपत्रे उतरवून घ्यावीत.