बेळगाव दाखवायला ग्रुप आणताय? या चुका टाळा

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. चौदा माणसं खानावळीच्या दारात उभी, त्यातली पाच पोरं. आतले मामा टोपावर झाकण ठेवत म्हणतायत, "रोट्टी संपली की हो. आता संध्याकाळी सातला या." मागच्या मे महिन्यात पुण्याहून माझ्या आतेबहिणीचं अख्खं गोत आलं होतं, त्या दिवशीची ही गोष्ट. सकाळी किल्ला, मग मिलिटरी महादेव, मग कपिलेश्वर, मग शहापुरात "पाच मिनिटं फक्त साड्या बघतो." त्या पाच मिनिटांचा दीड तास झाला. शेवटी बेकरीतून खारी आणि बन आणून पोरांची तोंडं बंद केली. मोठ्यांची रात्रीपर्यंत उघडीच होती.

तेव्हापासून पाहुणे येणार म्हटलं की मी आधी जेवणं ठरवते आणि देवळं त्यांच्या मध्ये बसवते. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन देऊळ, १२०४ पासून उभी आहे, ती अजून तासभर थांबेल. भाकरी थांबत नाही.

खानावळीला हॉटेल समजणं

हॉटेलात चारला गेलात तरी पनीर काहीतरी मिळतं. खानावळीचं तसं नाही. दुपारी साधारण बारा ते तीन, रात्री सातनंतर, आणि केलेलं संपलं की संपलं. त्यात शनिवार-रविवारी एकच्या सुमाराला गावातलेच लोक दारात उभे असतात. चौदा जणांना एका ओळीत बसवा म्हणून हट्ट धरलात तर चौदा जणांची जागा रिकामी होईपर्यंत ताटकळत बसाल, आणि तोवर मागून आलेली चार-चार माणसं जेवून ढेकर देत जातील.

यावर आपल्याकडे लग्नघरात जुना इलाज आहे: दोन पंगती करा. म्हातारी माणसं, पोरं आणि मधुमेहवाले सव्वाबाराला बसवा. बाकीचे तोवर जवळच्या गल्लीत फिरून येतात, पहिली पंगत उठली की बसतात. "सगळे मिळून जेवू या" हे रात्रीसाठी ठेवा आणि त्या जागी सकाळीच फोन करून माणसं किती ते सांगा.

ताटात काय येतं हे नव्या माणसांना आधी सांगून ठेवा. ज्वारीची भाकरी दोन तऱ्हेची, मऊ आणि कडक. एण्णगाई म्हणजे भरलं वांगं. शिवाय झुणका, एखादी मोडाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही, कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा. भात सगळ्यात शेवटी. आमचे पुण्याचे पाहुणे कडक भाकरी पापड समजून गप्पा मारता मारता चार-चार मोडून खातात आणि मऊ, गरम भाकरी ताटात पडते तेव्हा हात वर करतात. कडक भाकरी एकच घ्या. चटणी-दह्याबरोबर.

वार न बघता सावजी ठरवणं

चौदा माणसांच्या घोळक्यात एकाचा गुरुवार, एकीची संकष्टी, एकजण सोमवार करणारा आणि एकजण "मी अंडं खाते पण ज्या भांड्यात मटण शिजलं त्यातलं नको" म्हणणारी असतेच असते. हे सगळं सावजी, म्हणजे मटणाच्या, खानावळीच्या टेबलावर बसल्यावर बाहेर पडतं. निघण्याच्या आदल्या रात्री कालनिर्णय उघडा आणि सगळ्यांना विचारा. सावजीत शाकाहारी माणसाला बसवून "तू दही-भात खा" म्हणणं हा पाहुणचार नव्हे. शाकाहारी गट लिंगायत खानावळीत, मांसाहारी गट सावजीत, आणि नंतर दोघांनी एका ठिकाणी पान खायला भेटायचं. वेगळं जेवल्यानं कुणाची नाती तुटल्याचं मी पाहिलेलं नाही. एका टेबलावर कुढत बसल्यानं मात्र पाहिलंय.

तिखटाचा अंदाज रश्श्याच्या रंगावरून बांधू नका. ब्याडगी मिरची रंगाला लालभडक आणि तिखटाला सौम्य. उलट आमच्याच जिल्ह्यातली संकेश्वरी झणका देते. म्हणजे लाल दिसणारं सोसेल आणि साधं दिसणारं डोळ्यांतून पाणी काढेल, असंही होतं. वाढणाऱ्याला विचारा. मराठीत विचारलं तरी चालतं, पण "खारा कडिमे हाकी" (तिखट कमी घाला) एवढं कन्नड आलं तर तो हसून आतूनच रस्सा बदलून आणतो.

आणि झालंच तोंड पेटलेलं, तर पाणी पिऊ नका. मिरचीतलं झोंबणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी ते तोंडभर पसरवतं फक्त. दही, दूध, तुपातला भात यांतलं काहीतरी घ्या. पोरांसाठी दह्याची वाटी पहिल्यांदाच मागवून ठेवलेली बरी.

एका दिवसात आठ ठिकाणं

नकाशावर सगळं जवळ दिसतं, आणि आहेही. किल्ला बसस्टँडपासून चालत जाण्यासारखा आहे. पण घोळका सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगानं चालतो, आणि प्रत्येक ठिकाणी चपला शोधण्यात दहा मिनिटं जातात. अर्ध्या दिवसाला दोन ठिकाणं, त्याहून जास्त नाही.

कमी ठिकाणं घेतली की बघणंही होतं. कमल बस्तीत लोक शिरतात, नेमिनाथाला हात जोडतात, बाहेर येऊन सेल्फी काढतात. मान वर कुणी करत नाही! जिच्यावरून बस्तीला नाव पडलं ती दगडी कमळाची रचना डोक्यावर, मंडपाच्या छतात आहे. रट्ट राजांच्या काळातल्या बिचिराजानं हे बांधवलं. पोरांना पाकळ्या मोजायला लावा. पंधरा मिनिटं शांततेची मिळतात, स्वानुभव आहे.

किल्ल्यातच रामकृष्ण आश्रम आहे. विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावात आले होते, त्यांच्या मुक्कामाची आठवण तिथं जपलेली आहे. आश्रम आणि देवळं दुपारची बंद होतात, म्हणून हा भाग सकाळीच उरका.

किल्ल्यात आणि कॅम्पात फिरताना एक लक्षात ठेवा, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथं आहे. जवान दिसला, गेट दिसलं की मोबाईल वर करायची सवय असलेला एकतरी भाचा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला आधीच दटावा. पहारेकऱ्यानं हटकलं तर वाद न घालता फोटो पुसून पुढं चालायचं.

टिळकवाडीकडे गेलात तर वीर सौध हे स्मारक बघा. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं ३९ वं अधिवेशन इथं भरलं होतं, आणि गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. त्या वेळी पाण्यासाठी खणलेली विहीर अजून आहे. काँग्रेस रोड हे नाव तिथूनच आलं. पक्षाचं ऑफिस कुठंय म्हणून आमच्या एका काकांनी रिक्षावाल्याला विचारून त्याची करमणूक केली होती.

रेल्वे गेट आणि गल्ल्या

टिळकवाडीत पत्ते सांगतात ते पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असे. दोन गाड्या करून निघालात आणि मध्येच गेट पडलं की अर्धा ग्रुप अलीकडं, अर्धा पलीकडं. पुढची गाडी मग "आम्ही हळूहळू जातो" म्हणते आणि भलत्याच वळणावर जाते. त्यापेक्षा भेटायची जागा आधी ठरवा आणि मागच्यासाठी थांबू नका, थेट तिथं पोचा.

खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली या भागात टेम्पो ट्रॅव्हलर घालायचा विचारसुद्धा करू नका. गाडी लांब लावा आणि चालत या. गर्दीत माणूस हरवतो तो फोन असूनही हरवतो, कारण गणपत गल्लीच्या गोंगाटात रिंग ऐकू येत नाही. आमचे काका असे पाऊण तास गायब होते. सापडले तेव्हा चिरमुऱ्याच्या दुकानासमोर उभे राहून भडंगाची चव घेऊलालते. उपाय साधा: हरवलेल्यानं शोधत फिरायचं नाही, ठरलेल्या जागी येऊन उभं राहायचं. मारुती गल्लीतल्या मारुतीचं देऊळ त्याला सोयीचं, कुणालाही विचारलं तरी दाखवतात.

रिक्षा मीटरवर येईल या भरवशावर बसू नका. बसायच्या आधी भाडं बोला, आणि किती माणसं, किती सामान तेही बोला. उतरल्यावर सुरू होणारी हुज्जत सगळी त्या न बोललेल्या सामानाची असते.

तारखा

१ नोव्हेंबरला येऊ नका. कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी माणसांचा काळा दिन एकाच दिवशी, त्यामुळे रस्ते आणि बंदोबस्त दोन्ही भरलेले. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की लॉजच्या खोल्या मिळणं मुश्कील, भाव चढे, आणि हायवेच्या त्या बाजूला मोर्चे. ते नेमकं कधी आहे हे बघून मगच बुकिंग करा. वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघायला यायचं असेल तर जरूर या, पण त्या रात्री दुसरं काही ठरवू नका. सौंदत्तीला यल्लम्माला जाणार असाल तर पौर्णिमा टाळा, किंवा गर्दीसाठीच जा.

बुकिंग करताना गावाचं नाव 'बेळगावी' टाकून शोधा. २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे. 'बेळगाव' टाकून काही मिळालं नाही म्हणून एका मैत्रिणीनं धारवाडात खोली घेतली होती.

शहराच्या सहलीत गोकाक घुसवणं

गोकाकचा धबधबा सुंदरच. घटप्रभा तिथं सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. पण जुलै ते सप्टेंबर. एप्रिल-मेमध्ये गेलात तर कोरडा खडक आणि त्यावर ओल्या रेषा बघून परत याल, आणि एकेरी साठेक किलोमीटर जाऊन येण्यात दिवस गेलेला असेल. पावसात गेलात तर खडकावर शेवाळ असतं. तिथं कडेला जाऊन फोटो काढू देऊ नका, यात गंमत काही नाही.

कुठंतरी बाहेर जायचंच असेल तर उन्हं उतरल्यावर येळ्ळूरचा राजहंसगड करा. जवळ आहे, वर गाडी जाते, वारा मस्त. पोरं पळतात, मोठी माणसं बसतात. हलशीची कदंबांची देवळं एक वेगळा दिवस मागतात, खानापूरमार्गे सावकाश जा. खानापूर-निपाणीकडे मराठी सगळीकडे चालतं. गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडे कन्नड येणारा एकजण बरोबर असू द्या. बसच्या पाट्याही कन्नडमध्येच असतात. वाचता येत नसेल तर अंदाजानं चढू नका, कंडक्टरला गावाचं नाव सांगून विचारा.

बसमध्ये फुकट, असं समजून बसणं

कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही. हे ऐकून महाराष्ट्रातल्या पाहुण्या ऐटीत बसतात. ही सोय कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी आहे, ओळखपत्र बघतात. कोल्हापूरचं आधार कार्ड दाखवलंत तर तिकीट काढावं लागणार. कंडक्टरशी भांडू नका, त्याचा काय दोष.

पैशांचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून सारखी वर्गणी काढून एकाला खजिनदार करा. चहा, रिक्षा, जेवण त्यातून. "आज मी देतो" म्हणणारा दुसऱ्या रात्री हिशेबाला बसतोच.

खाऊ पहिल्या दिवशी घेणं

कुंदा हा दूध आटवून केलेला प्रकार आहे, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत दोन दिवस ठेवला तर घरी पोचेपर्यंत आंबतो. निघायच्या दिवशी घ्या, आणि "कधीचा?" असं सरळ विचारा. डबा बंद करायच्या आधी चाखून बघा, दुकानदार नाही म्हणत नाहीत. लांब जायचं असेल तर माझ्या मते कुंद्यापेक्षा करदंट बरा. डिंक आणि सुक्या मेव्याचा असल्यानं टिकतो. त्याहून बरी कडक भाकरीची पाकिटं आणि शेंगदाण्याची चटणी. पंधरा दिवसांनी पुण्यात बसून खाताना जास्त आठवण येते, असं आतेबहिणीचाच फोन होता.

मांडे घेणार असाल तर ते हातात धरून न्यायचे. पापडाहून पातळ घडी असते ती, वर बॅग ठेवलीत की चुरा. झालाच चुरा तर हळहळू नका, वाटीत घ्या, वर गरम दूध आणि चमचाभर तूप. आमच्याकडची पोरं अख्खा मांडा हातात दिला तरी आधी तो चुरूनच घेतात.